कोयतेवाल्याचा हात

या, अशा जवळ या बघू. पेणला येता, पापड-पोहे पिशवीत भरता आणि आमच्या जोह्याला न येता परस्पर निघून जाता. शोभतं का हे? आला असतात तर आमच्या नारायण भावजींनी तुमचं तोंड धरलं असतं. अहो, खरोखरचं! हनुवटीला दोन बोटं लावून डावीकडे वळवलं असतं, उजवीकडे वळवलं असतं आणि म्हणाले असते, "नाय. ह्यात दम नाय."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गणपतीचा कारखाना त्यांचा. मूर्ती काय, गावात घरोघरी होतात. पण भावजी मंडळांच्या देखाव्यातली माणसंही करायचे, मोटार लावून हलणारी. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं नाक पुसायलासुद्धा मीच होते. पुढे त्यांनी लग्न केलं नाही, माझ्याच हातचं जेवले. कोणी विचारलं की म्हणत, "माझ्या पसंतीचं तोंड मलाच घडवावं लागंल, आणि मला सवड नाय."

तर त्या साली एका बाईला कोयत्याने मारणाऱ्या खुन्याचं भारी नाव झालं होतं. कोयतेवाला. चहाच्या टपरीवर पेपर यायचा तो त्याच्यासाठीच. ज्यांना स्वतःच्या नातवंडांची नावं आठवत नसत, त्यांना कोयत्याच्या मुठीचा रंग पाठ! अशात रोह्याच्या एका मंडळाची माणसं आली. म्हणाली, "नारायणशेठ, यंदा कोयतेवाला पायजे. हात वर, हात खाली, हात वर, हात खाली. आणि खाली ती बाई."

पंचाईत अशी, की पेपरातल्या प्रत्येक फोटोत त्याच्या तोंडावर पोलिसांनी टॉवेल टाकलेला. म्हणजे तोंड कुणाचंतरी उसनं घ्यायला हवं. झालं! ही बातमी फुटली आणि सगळ्या गावाला खुनी व्हायचं होतं. सरपंचांनी मिशा काळ्या केल्या. एसटीच्या कंडक्टरने गाडी आमच्या दारासमोर उभी केली, डोळे वटारले आणि म्हणाला, "नीट बघा, ह्या नजरेत खून हाय का नाय?" मागून बायका ओरडल्या, "मेल्या, आधी तिकिटं फाड!"

भावजींनी निवडलं कुणाला? गोविंदतात्यांना. भजनात पेटी वाजवणारा माणूस. झुरळ दिसलं तर पेटीवर चढून बसणारा. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"असाच असतो, वैनी. मागाहून शेजारी सांगतात, कवा वाटलं नव्हतं."

तात्यांची बायको विहिरीवर सांगत सुटली, "गो, आमच्या ह्यांनाच खुनी केलाय!" सरपंच महिनाभर तात्यांशी बोलले नाहीत.

राहिली ती बाई. पेपरात कोयत्याचासुद्धा फोटो आला होता, तिचा नव्हता. आणि मेलेलीसाठी आपलं तोंड कोण देणार? भावजी ज्या दारात गेले तिथून शिव्या खाऊन आले. तात्यांची बायको तर केरसुणी घेऊन धावली, "माझ्याच नवऱ्याच्या हातून मला मारतोस?" मंडळवाले म्हणाले, "शेठ, पालथी टाका ना! केस पसरा, लाल रंग ओता. तिला कोण बघतंय?"

"पालथी घालायला ती काय घमेलं हाय?" भावजी भडकले.

ट्रक यायची वेळ जवळ आली आणि बाईला डोकं नाही. दुपारी ताटावर बसले, घास हातात, आणि बघतायत माझ्याकडे.

"वैनी..."

"माझं? सुरकुत्या काढायलाच गोणभर प्लास्टर लागेल."

हसले नाहीत. मग म्हटलं, "बरं, घ्या. पण नाक जरा बारीक करा."

"नाक हाय तसंच राहील," म्हणाले आणि जेवायला लागले. साडीही मीच माझी दिली.

गणपती बसले, ट्रकाबरोबर जाऊन भावजी देखावा जोडून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एसटीने रोह्याला गेलो. तोबा गर्दी! गणपतीकडे पाठ, देखाव्याकडे तोंड. तात्या पुढे उभे राहून येईल त्याला सांगतायत, "तो मीच." पण कोयतेवाल्याचा हात वरच अडकलेला, आणि कोयता अर्धा पडद्याआड गेलेला. एका म्हातारीला वाटलं, कुणी महाराज आशीर्वाद देतायत. तिने हात जोडले, समोर नाणं ठेवलं. मग मागच्यांनीही ठेवली. तात्यांनी दोघांतिघांना पाया पडू दिलं.

सेक्रेटरी धावत आला. "नारायणशेठ, काल तुम्ही जोडून गेलात तेव्हापासून हात खाली येत नाय!"

भावजींनी मागे डोकं घातलं, बराच वेळ खुडबुड केली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मोटार जळली. दुसरी मिळंल, पण विसर्जनानंतर."

मी माझ्याकडे बघत होते. माझं नाक, माझी साडी, उताणी निजलेली. लाल रंग कुठेच नाही. डोक्याखाली भावजींचा टॉवेल, नीट घडी घालून.

परतताना त्यांनी मला खिडकी दिली. घाम पुसायला रुमाल काढला, तर त्याबरोबर एक रबरी पट्टा माझ्या मांडीवर पडला. मोटारीचा. चांगला धडधाकट.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"दहा दिवस, वैनी," ते म्हणाले. "सकाळी दिवा लावल्यापासून. वर-खाली, वर-खाली."

आणि तोंड फिरवून बसले. मी पट्टा पिशवीत टाकला.

आता कारखाना पुतण्याकडे आहे. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही दोनच म्हातारी. मी वाढते, ते खाली मान घालून जेवतात. पंगतीला आणखी कुणी असलं की चार घास जास्त जातात हो त्यांना. वालाचं बिरडं करीन. लवकर या.