खालचं पान की वरचं?

एकदा मी तापाने फणफणत शेजारच्या निकमभाऊंच्या दारात तापाची गोळी मागायला उभी होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून समोरच्या माझ्या तुळशीकडे बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅडम, खालचं पान की वरचं?" म्हणजे पिवळं कोणतं पडलंय. गोळी शेवटी त्यांच्या बायकोने, लताताईंनी दिली. तुळशीला मात्र भाऊंनी जागच्या जागी औषध लिहून दिलं.

नाशकात द्वारका चौकाच्या पलीकडे आमची कॉलनी. निकमभाऊ ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस. दिवसभर भिंगातून सुटे भाग बघायचे आणि ज्यात खोट दिसेल त्याला पिवळं लेबल अडकवायचं, हे त्यांचं काम. कंपनीच्या बसमधून उतरले की माणसाने चहा घ्यावा, पाय पसरावेत. पण हे गृहस्थ भिंग घेऊन गच्चीत! त्यांच्या गच्चीत कुंड्या किती हे विचारू नका. प्रत्येक कुंडीला लेबल आणि लेबलावर आजार. खालची पानं पिवळी असतील तर नत्र कमी. कडा करपल्या तर पालाश. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, की लोह. "लक्षण बघा, कारण शोधा, मग हात लावा," हे त्यांचं ब्रीद. तांब्याभर पाणी घालून मोकळं होणाऱ्या आमच्यासारख्या पामरांना ते कुठून कळणार?

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. मांडवाच्या दाराशी केळीचे खांब बांधलेले. वधूपिता हात जोडून उभे, आणि भाऊंनी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "पालाश कमी आहे हो." बिचाऱ्याला वाटलं जेवणात काहीतरी राहिलं. तो आचाऱ्याकडे धावला. लताताई पदराआड हसत होत्या. त्या सारख्या हसायच्या, दुसरं करणार काय?

आता लताताईंचं सांगते. वर्षभर त्यांचा रंग उतरत चालला होता. आमचा जिना चढताना मध्ये टेकायच्या, धाप लागायची. शेवटी मीच मागे लागले, तेव्हा भाऊ त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही सोबत होते, म्हणून पुढचं ऐकीव नाही. डॉक्टर म्हणाले, "रक्त फार कमी आहे. लोहाच्या गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून रक्त चढवावं लागेल." भाऊ मान डोलवत होते. मला वाटलं, चला, काहीतरी शिरलं डोक्यात. तर ते डॉक्टरांच्या खिडकीतल्या क्रोटनच्या कुंडीकडे बघून मान डोलवत होते. निघताना म्हणाले, "डॉक्टर, याला मॅग्नेशियम द्या." बायकोबद्दल चकार शब्द नाही! पुढे मी कधी विचारलं की उत्तर ठरलेलं, "गोळ्या चालू आहेत ना? मग झालं."

त्याच सुमारास ते नवं झाड उगवलं. कुंभमेळा आटोपून साधू तपोवनातून गेले, आणि भाऊंनी तिथून गोणीभर माती आणली. "साधूंच्या पायाखालची माती आहे मॅडम, सत्त्व असतं तिच्यात." असेल बाई. आमच्या काळ्या मातीत ती कालवून त्यांनी मोठी कुंडी भरली. पाऊस थांबताच तिच्यातून एक अनोळखी रोप वर आलं. पानं हाताच्या पंजासारखी, कडा करवती. भाऊंनी जाहीर केलं, विदेशी झेंडू असावा.

आणि विदेशी झेंडूला झालं लोहाचं दुखणं. वरची पानं पिवळीधमक, शिरा हिरव्या. भाऊंची झोप उडाली. "आपली माती चुनखडीची. लोह असतं, पण झाडाला लागत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. लोहाचा क्षार म्हणून हिराकस फवारला, लिंबू पिळलं, गंजके खिळे पुरले. संध्याकाळी कुंडीपाशी स्टूल टाकून बसायचे ते उठायचेच नाहीत. आतून लताताईंची हाक यायची, "अहो, भाकरी गार होतेय!" हे म्हणायचे, "आलोच." ते 'आलोच' मी माझ्या स्वयंपाकघरातून रोज ऐकायचे. पाठोपाठ ताट झाकल्याचा आवाज यायचा. चीड यायची मला!

मग हळूहळू झाड सुधारलं. नुसतं सुधारलं नाही, तर भाऊंच्या डोक्यावर गेलं. हिरवंगार, तजेलदार. रविवारी सकाळी भाऊंनी दर्शनाला मला बोलावलं आणि तळमजल्यावरच्या हवालदार खैरनारांनाही. खैरनार बनियनवर, हातात चहाची बशी. झाड बघितलं आणि बशी कठड्यावर ठेवली.

"निकमभाऊ, काय आहे हे?"

"विदेशी झेंडू असावा."

"कसला विदेशी? चांगला देशी आहे. गांजा आहे हा गांजा!"

भाऊंनी झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, "पण लोह कसं भरून आलंय बघा."

"भाऊ, आत्ताच्या आत्ता उपटा. मी काही बघितलेलं नाही, मी चहासुद्धा प्यालेलो नाही," असं म्हणून खैरनार चहा तसाच टाकून खाली पळाले. मी हसून हसून गच्चीच्या भिंतीला टेकले. साधूंच्या मातीतलं सत्त्व ते हेच!

भाऊंनी आजवर एक झाड उपटलेलं नव्हतं. कुंडीभोवती फिरले, पानांवरून हात फिरवला, शेवटी डोळे मिटून बुंधा ओढला. मातीचा गड्डा बाहेर आला आणि फुटला. आत लाल लाल काहीतरी. काही विरघळून नुसती साल उरलेली, काही अजून अख्ख्या. भाऊंनी भिंग लावलं. गडी मूळचा सटाण्याकडचा, गडबडला की तिकडची अहिराणी बोलतो.

"हाई काय शे?"

दारात लताताई उभ्या होत्या. "मन्या गोया शेतस," त्या म्हणाल्या. माझ्या गोळ्या आहेत.

मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही रोज त्याच्यापाशी बसायचे. म्हटलं, लोह ते लोह. याला रोज एक द्यावी, हे लवकर बरं होईल. मग तुम्ही वेळेवर आत येऊन माझ्यासोबत जेवाल."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. भाऊ मातीच्या हातांनी तसेच उठले. लताताईंचा हात धरून त्यांनी नखं भिंगाखाली धरली. पांढरीफटक. खालची पापणी ओढून बघितली, ती तशीच. कॉलनीतलं पान अन् पान ओळखणारा हा माणूस आज पहिल्यांदा बायकोची नखं बघत होता.

"लता, हे मला कसं दिसलं नाही गं?"

"तुम्हाला दिसायला मला पानं कुठं आहेत?" त्या म्हणाल्या आणि नेहमीसारख्या हसल्या. या वेळी भाऊंना ते हसू बघवलं नाही. ते तिथेच उंबऱ्यावर बसून रडले, माझ्यासमोर, भिंग हातात घेऊन.

परवा माझ्या गुलाबाची पानं पिवळी पडली, म्हणून एक पान घेऊन मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दोघं समोरासमोर जेवायला बसलेले. लताताईंच्या ताटाशेजारी गोळी आणि लिंबाचं पाणी. जिना आता त्या न टेकता चढतात. मी पान पुढे केलं. भाऊंनी ते बघितलंसुद्धा नाही.

"मॅडम, उद्या या," ते म्हणाले. "अजून तिने गोळी गिळलेली नाही."