चिखलरोधक पट्टी, नग चार

स्वच्छता प्रसार कार्यालयात नवी गाडी आली तेव्हा तिला मडफ्लॅप नव्हते, ही बाब पहिले अकरा दिवस कोणाच्याही निदर्शनास आली नाही. गाडी छोटी एसयूव्ही होती. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ती रणगाडा वाटे आणि आत बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला टेकत. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपला परिसर, आपली जबाबदारी.' बाराव्या दिवशी ही जबाबदारी लॉंड्रीवाल्या बाईंच्या चादरींवर उडाली.

कार्यालयाच्या वळणावर एक डबकं होतं. पाऊस असो नसो, ते भरलेलंच. कारण त्याच्या खालची पाण्याची पाइपलाइन कधीकाळी फुटली होती आणि ती नक्की कोणाच्या हद्दीत फुटली याचा निकाल अजून लागायचा होता. डबक्याला लागून बाईंची लॉंड्री आणि लॉंड्रीपुढे, उन्हाची तेवढीच एक पट्टी असल्यामुळे, इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या. बाई विधवा. एकटीच्या हिमतीवर दुकान चालवत आणि जीभ इस्त्रीइतकीच गरम ठेवत.

गाडीचा ड्रायव्हर बेचाळीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा. "तुझं लग्न बघायला मला चष्म्याचा नंबर किती वेळा वाढवावा लागणार आहे?" असं त्याची थोरली बहीण दर रविवारी विचारी. पण गेली दोन वर्षं तो आपला एकुलता एक गणवेश आठवड्यातून तीनदा इस्त्रीला टाकत होता, यावरून ओळखायचं ते गल्लीने ओळखलं होतं.

बाराव्या दिवशी तो गणवेश न्यायला गेला तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे एक चादर धरली.

"हे काय?"

"ठिपके दिसतात."

"कोणी काढले?"

"गाडीने. गाडीला मडफ्लॅप नाहीत हो. चाकामागे लोंबतं ना रबर, ते. ते नसलं की असं उडतं. मी बापडा काय करणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा. इस्पितळाने तंबी दिलीय. महिनाअखेरीस एक जरी डाग दिसला तर काम बंद. काम बंद तर दुकान बंद, आणि दुकान बंद तर मी भावाकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. परवा तुम्ही 'तुमची हरकत नसेल तर आपण दोघं' इथपर्यंत बोलून पळालात ना, त्याचं उत्तर मग पोस्टाने येईल."

ड्रायव्हरने त्याच दुपारी अर्ज खरडला. विषय : कार्यालयीन वाहनास चिखलरोधक पट्टी (नग चार) बसविणेबाबत.

अर्ज हेडक्लार्कांकडे गेला. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. 'हो' म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"मडफ्लॅप हा गाडीचा भाग की दागिना?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"भाग, भाऊसाहेब."

"भाग असता तर कारखान्याने दिला नसता? का कारखान्याला अक्कल नाही असं लेखी देता?"

"मग दागिना म्हणा."

"सरकारी गाडीला दागिना? लग्नाला निघालीय का ती?"

लग्न हा शब्द ऐकून ड्रायव्हरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भाऊसाहेबांना त्यात कबुली दिसली आणि त्यांनी प्रकरण समितीकडे पाठवलं.

समितीत पाच सदस्य होते. गाडीमुळे चिखल उडतो का, हे आधी ठरवायला हवं, असं ठरलं. पाचही सदस्यांनी साक्ष दिली की आपण रोज याच गाडीने येतो आणि आजवर आपल्या अंगावर एक थेंबही उडालेला नाही. इतिवृत्तात नोंद झाली : 'चिखल उडत नसल्याचे एकमताने आढळले.'

"साहेब, तो बाहेर उडतो," दाराशी उभा ड्रायव्हर म्हणाला.

"बाहेर म्हणजे कोणत्या विभागात?"

ड्रायव्हरने वळणाकडे बोट केलं; ते कोणत्याच विभागात मोडत नव्हतं. तरी समिती उदार होती. प्रत्यक्ष चाचणीचा आदेश निघाला : गाडीने रोज दहा वेळा, ताशी चाळीसच्या वेगाने, डबक्यातून जावे, उडणारे शिंतोडे पांढऱ्या पृष्ठभागावर मोजावेत. पांढरा पृष्ठभाग आयता वळणावर वाळतच होता. बाईंच्या चादरी 'मापन-पृष्ठभाग' म्हणून घोषित झाल्या आणि एक कारकून भिंग घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याने प्रामाणिकपणे मोजलं. एका चादरीवर तीनशे बारा ठिपके भरले, त्यांतला एक माशीचा असल्याचं पुढे निष्पन्न झालं.

अशा रीतीने जिथे दिवसाला एकदा चिखल उडत होता तिथे तो आता आदेशाने दहादा उडू लागला. ठिपके मोजून झाले की बाई चादर पुन्हा धुवायला घेत.

"तुम्ही माझ्यासाठी खूप प्रयत्न करताय असं कानावर आलं," त्या पाचव्या दिवशी म्हणाल्या. "जरा कमी करा."

त्याच आठवड्यात आक्रीत घडलं. पाणी खात्याची दोन माणसं पाना घेऊन पाइपलाइन दुरुस्त करायला खरोखरच आली. समितीने धावत जाऊन त्यांना अडवलं. डबकं हे आता कार्यालयाचं मापनयंत्र होतं, चालू चाचणीत यंत्राला हात लावता येत नव्हता. माणसं आनंदाने परत गेली. डबक्याशेजारी फलक लागला : 'चाचणी सुरू आहे. कृपया डबक्यात पाय घालू नये.'

पुढे एका सदस्याने सुचवलं की मडफ्लॅप गाडीऐवजी पादचाऱ्यांनाच गुडघ्याखाली सक्तीचे करावेत. सूचना जवळजवळ मंजूर झाली होती. पण पादचाऱ्यांना चाकं नसल्यामुळे पट्टी कशाच्या मागे लोंबवायची यावर दोन बैठका मोडल्या. महिना संपायला तीन दिवस उरले, तेव्हा मोठे साहेब स्वतः डबक्याच्या पाहणीला उतरले. ते फलक वाचत असताना भलतीच एक गाडी वळणावरून गेली.

त्या दुपारी फाइल सहा टेबलं ओलांडून सव्वा मिनिटात सही होऊन आली.

मडफ्लॅप बसले. काळे, जाड, कडेला चंदेरी रेघ. ड्रायव्हरचा आनंद गगनात मावेना. बाईंना दाखवावं म्हणून त्याने वळणावर गाडी अशी काही सुसाट आणली की फ्लॅपही फडफडले. आता मडफ्लॅप मागे उडणारं पाणी अडवतो. बाजूला उडणाऱ्या पाण्याशी त्याचा काही संबंध नसतो, हे कोणत्याच टेबलावर कोणी विचारलं नव्हतं. चादरी भिजल्या, टोपली भिजली, टोपलीमागच्या बाई भिजल्या.

"मडफ्लॅप लावले!" ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला.

"दिसले." बाईंनी पदराने तोंड पुसलं. "एक विचारू? गाडीला ब्रेक असतो का हो?"

"असतो की."

"कोणाच्या पायाखाली?"

ड्रायव्हरने खाली पाहिलं. वीस वर्षं गाडी चालवत होता, पण हा पाय आपला आहे असं त्याला प्रथमच जाणवलं.

इस्पितळाने त्या ठिपक्यांवर काम बंदच करायचं ठरवलं होतं, पण बाईंनी पदर खोचून पंधरा दिवसांची शेवटची मुदत भांडून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने डबक्याआधी ब्रेक दाबला. गाडी पाण्यातून मांजरीसारखी गेली. एक थेंब उडाला नाही.

"एकदा थांबलात," बाई चादर झटकत म्हणाल्या. "रोज थांबा. मग ते अर्धं वाक्य पुरं करा, मी ऐकते."

ड्रायव्हर हवेत तरंगत कार्यालयात पोचला. तिथे मेमो तयार होता. मागून सात गाड्यांनी हॉर्न वाजवले होते, मोठ्या साहेबांचा चहा तीन मिनिटं निवला होता. लेखी आदेशाशिवाय ब्रेक का लावला?

"तुमच्या भावना पोचल्या," भाऊसाहेब मायेने म्हणाले. "पण नवा पायंडा पाडायचा तर आधीचा दाखला लागतो. या डबक्यापाशी यापूर्वी कोणी गाडी हळू केलीय?"

"मी केली ना, आज!"

"अर्जदाराला स्वतःचा दाखला चालत नाही. दुसऱ्या कोणाचीही सही आणा. एक पुरे. तोवर पूर्ववत चाळीसने."

म्हणून आता वळणावरच्या खांबाला एक वही टांगलेली आहे, सुतळीला पेन बांधलेलं. पहिल्या पानावर छापलंय : 'डबके पाहून मी गाडी हळू केली', खाली सहीची जागा. ड्युटी संपली की ड्रायव्हर लॉंड्रीपुढच्या स्टुलावर येऊन बसतो. बाई इस्त्री करता करता वळणाकडे बघतात. परवा एक गाडी खरंच हळू झाली. दोघंही उठून उभी राहिली. पण आतल्या गृहस्थांचा फोन वाजला होता, बोलणं संपताच त्यांनी कसर भरून काढली.

मुदतीचे तेरा दिवस गेले, दोन उरलेत. वही कोरी आहे. पेन सुकू नये म्हणून बाई रोज सकाळी त्याने कागदावर एक रेघ ओढून बघतात.

काल संध्याकाळी काचा वर करून, गाणं लावून एक पांढरी गाडी तिथून गेली. ड्रायव्हरने नंबर टिपून ठेवलाय. तुमचीच होती ना? मडफ्लॅप मात्र झकास बसवलेत.