नातं : परिचित

"उभ्या जन्मात मी कुणाला जामीन राहिलो न्हाय, आणि राहणार बी न्हाय!"

हे अण्णासो चौगुले कुठंही सांगायचे. लग्नात, मयतीत, न्हाव्याच्या खुर्चीत सुद्धा! आणि का सांगू नये? पतसंस्थेत तीस वर्षं वसुली केलेला माणूस तो. कर्जदार पळाला की जामीनदाराच्या गोठ्यातली म्हैस सोडून आणायचा. म्हैस हंबरायची, घरची बाई तळतळाट द्यायची, आणि अण्णासो शांतपणे पावती फाडायचे.

तर त्यांच्या आईचं, बायडाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं. घरी बायकोचे, मीनाबाईंचे, दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. म्हातारीला उचलणार कोण? उचगावच्या पुढं एक वृद्ध सेवा केंद्र होतं, तिथं सहा महिने ठेवायचं ठरलं. केंद्राच्या कचेरीत चौदा पानी फॉर्म पुढ्यात आला. अण्णासोंनी चष्मा पुसून वाचायला घेतला आणि नवव्या पानावर त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. ‘नातेवाईक हा सर्व खर्चास जामीनदार राहील.’

"म्हंजे उद्या तुम्ही काय बी बिल लावणार, आणि माझं घर जप्त करणार व्हय?"

जामीनदाराच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, ‘परिचित’. घरी येऊन म्हणाले, "बघ! कायद्यानं आपला काडीचा संबंध न्हाय!"

"कुणाशी? आईशी?" मीनाबाईंनी विचारलं.

अण्णासो फॉर्मची झेरॉक्स कपाटात ठेवायला गेले.

पैसे मात्र ते दर महिन्याला चोख भरत. आता परिचितानं भरलेले पैसे धरायचे कशात? केंद्रानं देणगीत धरले. अण्णासोंना आनंदच आनंद! त्याच पावत्या जोडून त्यांनी आयकरात सूट मागितली.

पाचव्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी आईचा फोन आला. "अण्णा, मला गारगोटीला न्यायला लागल्यात रं! गाडीत बशिवलंय."

अण्णासो स्कूटरवर बसले तेव्हा एका पायात आपली चप्पल होती, दुसऱ्या पायात बायकोची. केंद्राच्या फाटकात पांढरी गाडी उभी. व्यवस्थापक शिवानी मॅडम फाईल घेऊन पुढं आल्या.

"आजींची चार महिन्यांची फी थकलीय, काका. आणि नातेवाईक कुणी नाही. अशांना आम्ही गारगोटीच्या मोफत शाखेत पाठवतो."

"थकली? मी भरली की!"

"ती देणगी. पावतीवर तुमचीच सही आहे."

"मग आता फीत धरा!"

"देणगी परत फिरत नाही. आणि काका, तुम्ही त्यावर करसूट मागितलीय ना? दाखला आमच्याकडूनच नेलात."

अण्णासो दोन्हीकडनं अडकले. फी म्हणावं तर आयकराची नोटीस, देणगी म्हणावं तर आई चालली! तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी चालू केली. खिडकीत आईचं एवढंसं तोंड दिसलं आणि तीस वर्षांची हुशारी क्षणात उतरली. ते पळत जाऊन गाडीपुढं हात पसरून उभे राहिले.

"थांब रं! आई हाय ती माझी!"

"तुम्ही तर परिचित लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीत वाकून विचारलं, "आजी, यांना ओळखता का?"

बायडाबाईंनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बायकोच्या चपलेवर नजर जरा थांबली.

"व्हय की. परिचित हाईत."

"आये!" अण्णासो असे हंबरले की गोठ्यातनं सोडून आणलेल्या सगळ्या म्हशींचा हिशेब तिथंच फिटला. भर फाटकात रडू लागले. म्हातारीचेही डोळे भरले.

"फारम द्या त्येला," ती म्हणाली. "लहानपणापास्नं असंच येडं हाय."

अण्णासोंनी न वाचता चौदाच्या चौदा पानांवर सह्या ठोकल्या. नातं मुलगा, जामीनदार स्वतः. चार महिन्यांची फी पुन्हा भरली. नातं मुलगा निघाल्यावर आयकरवाल्यांनी आधीची देणगी मानली नाही; करसूटही दंडासकट सोडावी लागली.

आई महिनाभरानं घरी आली. केंद्राच्या दारात मात्र संगमरवरी पाटी बसली, ‘थोर देणगीदार श्री. अण्णासो चौगुले’. घरी कुणी पावणं आलं की बायडाबाई आवर्जून त्या पाटीचं कौतुक सांगतात. पावणं विचारतं, "कोण हो हे थोर देणगीदार?"

बायडाबाई चहा आणणाऱ्या अण्णासोंकडं बोट दाखवतात. "ह्येच की. आमच्या वळखीचं हाईत!"