शेडमास्तरांचा पुढचा दात

स्क्रू-ड्रायव्हर चार पावलांवर, खिळ्याला टांगलेला होता. शेडमास्तरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या, रंगात थेंबथेंब मिसळायच्या स्टेनरच्या बाटलीकडे पाहिलं आणि एवढ्याशा झाकणासाठी कोण उठणार, असं म्हणून झाकण सरळ दातात धरून पिळलं. 'कट्' असा आवाज झाला. झाकण जागच्या जागी होतं. पुढचा दात मात्र निम्मा काउंटरवर पडला होता.

शेडमास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रंगाच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं रंग जुळवून मिळवलेली ती पदवी. गिऱ्हाईक भिंतीच्या पोपड्याचा नखाएवढा तुकडा घेऊन यायचं. मास्तर तो उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे, डब्यात दोन थेंब हे आणि अर्धा थेंब ते टाकायचे, आणि मग नवा रंग कुठून सुरू झाला हे खुद्द भिंतीलाही सांगता यायचं नाही. (रंग मिसळायचं मशीन दुकानात आलं, तेव्हा मास्तर महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते.)

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिला सगळं जग 'बाई' म्हणायचं, म्हणून घरात मास्तरही बाईच म्हणायचे. एकदा चुकून नावाने हाक मारली, तर कोण आलंय म्हणून बाईंनी दाराकडे पाहिलं होतं.

"आ करा," बाई म्हणाल्या. मास्तरांनी आ केला. "अहो, पुढच्या शनिवारी माझा निरोप समारंभ आहे!"

"मग काय झालं? बसेन की तोंड मिटून. नेहमीसारखा."

"तेच तर नकोय मला!" बाईंनी कपाटातून अल्बम काढला आणि मांडीवर आपटला. "हा आपल्या लग्नातला. कुणी तुमची किडनी मागितल्यासारखा चेहरा आहे. हा लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा. केक लेक कापतेय आणि कळा तुम्हाला येतायत. हा सहलीचा. मागे धबधबा, पुढे तुम्ही पंचनाम्याला उभे. तीस वर्षांत मी काही मागितलंय तुमच्याकडे?"

मास्तरांनी यादी सुरू करायला तोंड उघडलं, पण देवाने ऐन वेळी बुद्धी दिली.

"एकच मागते. स्टेजवर माझ्या शेजारी बसा आणि एका फोटोत हसा. दात दाखवून. शाळेतला शेवटचा फोटो आहे माझा." शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज किंचित हलला. गणिताच्या बाईंचा आवाज सहसा हलत नाही.

"हसेन. शब्द देतो," मास्तर म्हणाले. त्यातला 'श' तुटक्या दातातून शीळ घालत बाहेर पडला, तरी भावना खरी होती.

दातांची डॉक्टर बाईंची जुनी विद्यार्थिनी निघाली. बाईंचे मिस्टर म्हटल्यावर ती उठून उभीच राहिली, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला. दुसरं कुणी असतं तर तिने हाकलून दिलं असतं.

"काका, यावर पोर्सिलेनची कॅप बसवू. घासायच्या आधी शेड बघून घेते," असं म्हणत तिने एक पट्टी काढली. तीत सोळा दात ओळीने टांगले होते.

मास्तर खुर्चीतून ताडकन उठले. "शेडकार्ड! पण सोळाच? आमच्याकडे नुसत्या पांढऱ्यात बेचाळीस आहेत."

"ही बरोबर वाटते. जराशी पिवळट."

"थांब, थांब. ओल्यावर शेड बघतेस?"

"काका, दात ओलेच असतात."

"भिंतही पावसात ओली असते. म्हणून कुणी पावसात उभं राहून शेड जुळवतं का? पहिला नियम, पृष्ठभाग कोरडा हवा. दुसरा नियम, उजेड खिडकीचा हवा." मास्तरांनी रुमालाने दात खसाखसा पुसले आणि खिडकीपाशी, पंख्याच्या झोतात, आ करून उभे राहिले. वीस मिनिटं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायकांनी रस्ता बदलला.

"दात सुकले की पांढरे दिसतात, काका. तोंड मिटलं, थुंकी लागली की परत—"

"हू हाईंहडे हणिह हिहलीह हा?" (म्हणजे, 'तू बाईंकडे गणित शिकलीस ना?' पण मास्तरांना आता ओठ मिटायचे नव्हते.) "हग हंग हाझ्यावह होड!"

तिने रंग त्यांच्यावर सोडला. सुकलेल्या दातांशी तंतोतंत जुळणारी, पट्टीतली जवळजवळ सर्वांत पांढरी शेड मास्तरांनी निवडली. डॉक्टरने कागदावर 'शेड रुग्णाने स्वतः निवडली' असं लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली आणि सही मागितली. मास्तरांनी ती लफ्फेदार ठोकली.

समारंभाच्या आठवड्यातल्या मंगळवारी कॅप तयार होऊन आली. तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले, वरून हवेची नळी सुरू, सगळं रखरखीत. मास्तरांनी आरशात पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. (डोळेच काय ते ओले होते.) नवा कुठला, जुना कुठला, काही कळत नव्हतं.

"आत्ता तात्पुरती चिकटवते काका. चार दिवस बघा, मग पक्की करू."

"तात्पुरतं काम मी करत नाही आणि करवून घेत नाही. पक्की बसव!"

क्लिनिक ते घर हा वीस मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात तोंडाने आपलं काम केलं. बाईंनी दार उघडलं. मास्तर हसले.

"अहो, पुढे कापसाचा बोळा राहिलाय."

"बोळा नाही. दात आहे."

बाई आत गेल्या, चष्मा लावून आल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "शेजाऱ्यांनी नवं बेसिन बसवलंय," त्या अखेर म्हणाल्या, "त्याची आठवण झाली."

मास्तर आरशाकडे धावले. बाकीचे सगळे दात आपल्या मूळच्या हस्तिदंती रंगावर परतले होते, आणि त्यांच्या मधोमध एकटाच तो, अंधाऱ्या वाड्यात ट्यूबलाइट लावावी तसा.

"जा आणि बदलून घ्या."

"नवी करायला आठ दिवस लागतात," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं. (त्या दोन रेघा मारलेल्या कागदाविषयी मात्र ते काही बोलले नाहीत.) "आणि एवढं काय त्यात? बेस पांढरा आहे. वरून टिंट चढवला की झालं. तीन दिवस पुष्कळ आहेत."

बुधवारपासून दुकानात काउंटरवर काळ्या चहाचा थर्मास आला. एक घोट घ्यायचा, गाल फुगवायचे, शंभर आकडे मोजायचे, गिळायचा, पुन्हा दुसरा. गिऱ्हाइकाने "मास्तर, बेडरूमला फिक्का निळा कसा दिसेल?" म्हटलं की मास्तर गाल फुगवलेलेच ठेवून दोन्ही हातांनी 'थांबा' अशी खूण करायचे. गिऱ्हाईक वाट पाहून मशीनकडे जायचं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी निकाल पाहिला. ज्या चिनी मातीच्या कपातून ते इतकी वर्षं चहा पीत आले, तो विसळला की पुन्हा पांढराशुभ्र होतो. मग तसल्याच मातीच्या दाताला चहा काय करणार? दातावर ठिपकाही नव्हता. बाकीच्या दातांनी मात्र टिंट असा काही एकसारखा घेतला होता, की दुसऱ्या कुणाच्या तोंडात असता तर मास्तरांनी कारागिराची पाठ थोपटली असती.

"मंगळवारी नुसता पांढरा होता," बाई म्हणाल्या. "आज उजेड पडतोय."

बाई उद्याच्या साडीला इस्त्री करत होत्या. इस्त्री न थांबवता, न रागावता त्या म्हणाल्या, "राहू दे. नका हसू. बसा तोंड मिटून." आणि मग, "या तर खरं."

ते 'या तर खरं' मास्तरांना जेवण संपेपर्यंत गिळता आलं नाही.

शनिवारी ते स्टेजवर तोंडाला रुमाल लावून बसले. हेडमास्तरीणबाई शेजारणीला कुजबुजल्या, "मिस्टर किती हळवे आहेत हो!" ते पाहून पहिल्या रांगेतल्या तीन शिक्षिका रडायला लागल्या. तिसऱ्या रांगेत डॉक्टर बसली होती. ती छताकडे पाहत होती.

बाई बोलायला उभ्या राहिल्या. "मी मुलांना एकच सांगत आले. उत्तर चुकलं तर खोडरबर लावू नका. वही आहे तशी दाखवा, कुठे चुकलं ते मला दिसू दे. वर्गातल्या सगळ्या मुलांनी ऐकलं." त्या थांबल्या आणि शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. "घरातला विद्यार्थी मात्र तीन दिवस चुकलेलं उत्तर चहाने खोडतोय."

सभागृहाला काही कळलं नाही. मास्तरांना कळलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग रुमाल खाली पडला आणि मास्तर हसले. तीस वर्षांचं तुंबलेलं, सगळे दात उघडे टाकून, खुर्ची मागे कलंडेपर्यंत. बाईंनी ते पाहिलं आणि भाषण सोडून त्याही हसत सुटल्या. तेवढ्यात फ्लॅश पडला.

आठवड्याने फोटोग्राफर स्वतः फ्रेम घेऊन घरी आला. "बाई, एकच गडबड झाली होती. साहेबांच्या तोंडापाशी फ्लॅशचा पांढराफेक ठिपका आला होता. कॉम्प्युटरवर बसून साफ काढून टाकला. कुठे खूणसुद्धा ठेवली नाही."

खूण नव्हती. बाई तेजस्वी दिसत होत्या, आणि त्यांच्या शेजारी मास्तर मनापासून हसत होते. पुढच्या दाताच्या जागी मात्र काळीभोर खिडकी होती.

"परत करून मागवतो," मास्तर म्हणाले.

"खबरदार! हसताय ना? मग झालं तर," असं म्हणत बाईंनी फ्रेम दिवाणखान्यात, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल अशी लावली आणि रोज पदराने पुसायला घेतली.

परवा वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या गृहस्थांनी फोटो निरखून पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं, मग मास्तरांच्या दाताकडे.

"नंतर बसवून घेतलात वाटतं? बरं केलंत," ते आपुलकीने म्हणाले. "फक्त शेड जरा फसली. तुमच्या ओळखीत रंगातलं कळणारं कुणी नव्हतं का हो?"

मास्तरांनी तोंड मिटलं आणि 'नाही' अशी मान हलवली.