कुंभवलीचा बर्फ

दाट हिमवर्षावात वाहन कसे चालवावे, हा पालघर जिल्ह्यापुढचा अत्यंत गंभीर प्रश्न आहे, हे आम्हाला गेल्या एप्रिलपर्यंत ठाऊक नव्हतं. एप्रिलात वरून एक तक्ता आला. कोणत्या प्रदेशात हिमवर्षावात वाहने कशी चालवतात, ते सर्व जिल्ह्यांनी भरून पाठवायचं होतं. नमुन्यादाखल काही रकाने भरलेले होते. हिमाचलात चाकांना साखळ्या बांधतात. नॉर्वेत खिळ्यांचे टायर लावतात. जपानात रस्त्यातूनच कोमट पाण्याचे फवारे उडतात. पालघरने प्रामाणिकपणे लिहिलं : निरंक.

आठवड्याभरात तक्ता परत आला. शेरा होता, 'निरंक म्हणजे हिमवर्षाव होत नाही, की होतो पण वाहने चालत नाहीत? खुलासा करावा.'

खुलासा करण्यापेक्षा कक्ष स्थापन करणं केव्हाही सोपं. 'जिल्हा हिमसज्जता कक्ष' स्थापन झाला, ज्ञानेश साहेब त्याचे प्रमुख झाले, आणि तीस जूनपर्यंत हिमचालन प्रमाणपत्र न घेणाऱ्या प्रवासी वाहनचालकाचा परवाना नूतनीकरणास अपात्र ठरेल, असं फर्मान निघालं.

मनोरजवळच्या पाड्यावरचा भिका रोज सकाळी जीप भरून कामगार बोईसरला नेतो. स्टिअरिंग हाती येण्याआधी तो आणि त्याची बायको भागी दर दिवाळीनंतर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जायचे. परवाना गेला की पुन्हा तीच भट्टी. म्हणून त्याने फर्मान दोनदा वाचून घेतलं आणि त्याला जोडलेल्या यादीतलं साहित्य जमवलं : साखळी, फावडं, उबदार पांघरूण, मेणबत्ती. (बर्फात अडकलेला माणूस कॅनडात म्हणे मेणबत्तीच्या उबेवर रात्र काढतो. आमच्याकडे ती वीज गेल्यावर लावतात, त्यामुळे या एका बाबतीत जिल्हा कॅनडाच्या पुढे होता.)

मे महिन्यात, सकाळी अकरा वाजता, मैदानावर परीक्षा भरली. साहेबांनी भिकाची साखळी उचलून पाहिली.

"ही वाहनाची नाही."

"म्हशीची हाय सायेब."

"मग म्हैस?"

"भागीनं धरलीय. जरा लवकर आटपा. ती भागीला वडून नेते."

बर्फाची सोय कक्षाने चोख केली होती. मासेमारीच्या होड्यांत भरतात तसला चुरलेला बर्फ, दोन टेम्पो भरून, मैदानावर अंथरला होता. साहेबांनी शिट्टी तोंडात धरली तोच बाजारातली कोळीण गोदूबाई मासळीची पाटी घेऊन थेट हिमप्रदेशात शिरली आणि पापलेटं ओळीने मांडू लागली.

"बाई, ही परीक्षा आहे!"

"तुमी घ्या ना परीक्षा! माजी पापलेटं काय कॉपी करतात? बरफाचं असंच पाणी होते, त्यापेक्षा मासली तरी टिकंल!"

पापलेटं हटवण्याबाबत स्पष्ट नियम नसल्याने वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवण्यात आलं. मार्गदर्शन येईपर्यंत ऊन तापलं. भिकाचा नंबर सतरावा. त्याची पाळी आली तेव्हा मैदानात घोटाभर चिखल होता. त्यातून त्याने जीप अशी काढली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी शेरा मारला, 'चालकाने वाहन चिखलात चालवले. चिखल अभ्यासक्रमात नाही. अनुत्तीर्ण.'

"सायेब, आमी जल्मभर चिखल नि खड्ड्यातनंच गाडी चालवतो!"

"म्हणूनच. ज्याची सवय आहे त्याची परीक्षा कशी घेणार?"

जून उजाडला. प्रमाणपत्रं शून्य, तीस जूनची मुदत जवळ आलेली. अशा वेळी साहेबांची गाडी बोईसरच्या कारखान्यांमागे, कुंभवलीच्या रस्त्यावर अडकली आणि साहेबांनी काच खाली करून पाहिलं तर समोर पांढरं. रस्ता पांढरा, कुंपणं पांढरी, वाऱ्यावर पांढरे गोळे तरंगतायत. नाल्यातून अधूनमधून असा फेस येतो. तो कोणत्या कारखान्याचा, हे आजवर कोणालाच ठरवता आलेलं नाही. तिथेच राहणारी हेमांगी चार वर्षं तक्रारी करत होती, आणि प्रत्येक तक्रारीची पोच मिळत होती.

तासाभरात परीक्षार्थी बोलावले गेले. भिका जीप घेऊन आला. म्हैस या वेळी घरीच होती, कारण साखळीही घरीच होती. त्याने फेसातून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जीप नेली आणि डोळे चोळत उतरला.

"उत्तीर्ण!" साहेब म्हणाले. "इथे सही करा. 'मी नैसर्गिक हिमवर्षावात वाहन चालवले.'"

"पन सायेब, ह्यो बरफ नाय. फेस हाय. डोलं चुरचुरतात."

"काश्मीरलाही चुरचुरतात. सही करा."

हेमांगी फाटकातून ओरडली, "भिकादादा, सही करू नका! माझ्या चार वर्षांच्या तक्रारी वाया जातील!"

भिकाने तिच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. "ताई," तो हळूच म्हणाला, "मंग भट्टीवर आमच्या जागी कोन जाईल?" आणि त्याने सही केली.

जिल्ह्याचा रकाना अखेर भरला गेला : 'पालघर : चालक डोळे मिटून वाहन चालवतात.' पुढच्या टपालाने हेमांगीला उत्तर गेलं, 'आपण उल्लेखिलेला पदार्थ हा हिमवर्षाव असल्याचे प्रत्यक्षदर्शी चालकाच्या सहीने सिद्ध झाले आहे. हिमवर्षाव ही नैसर्गिक बाब असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

त्या रविवारी आम्ही सगळे सहकुटुंब कुंभवलीला गेलो. कानटोप्या घातल्या, मुलांना स्वेटर चढवले, फेसाचे गोळे एकमेकांवर मारले, घरी येऊन डोळ्यांत थेंब घातले. तुमच्या मोबाईलमध्येही त्या दिवशीचा फोटो असेलच. झूम करून बघा, मागे डाव्या कोपऱ्यात जीपला टेकून एक माणूस डोळे पुसताना दिसतो. आम्ही तेवढा भाग कापून टाकला. तुम्हीही टाका, फोटो फार सुंदर दिसतो.