दोन शाळांचा तुलनात्मक तक्ता

गावात सरकारी शाळा दोन होत्या, वरची आणि खालची. त्यांपैकी चांगली कोणती, याची दप्तरी कुठेही नोंद नव्हती. ही गंभीर उणीव दूर करण्यासाठी कचेरीने एक तपासनीस पाठवला. त्याच्याकडे चाळीस रकान्यांचा तक्ता होता.

टेलरताईंची मुलगी खालच्या शाळेत तिसरीत होती. दोन वर्षं तिच्या डोळ्यांपुढे अक्षरं नुसती नाचायची. तिथल्या बाईंनी शाळा सुटल्यावर तिला रोज शेजारी बसवलं, पुस्तकं घरी नेऊ दिली. आता ती दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची, आणि मशीन चालवता चालवता टेलरताईंना उगाच भरून यायचं.

तपासणी झाली. वरच्या शाळेत फाटकी पुस्तकं शून्य, कारण कपाटाला कुलूप. मोडके बाक शून्य, कारण मुलं सतरंजीवर. खालच्या शाळेत फाटकी पुस्तकं त्रेसष्ट. शिवाय 'जादा शिकवणीची गरज असलेले विद्यार्थी' या रकान्यात बाईंनी खरं ते लिहिलं, अकरा. वरच्या हेडसरांनी शून्य लिहिलं. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ते खोटंही म्हणता येत नव्हतं.

वरची शाळा पहिली आली, खालची शेवटची. दोनच शाळा असल्यामुळे तिला दुसरी म्हणता आलं असतं, पण तक्त्यात तशी सोय नव्हती.

संध्याकाळीच थोरल्या जाऊबाई आल्या. "शेवटच्या शाळेत ठेवतेस पोरीला? लोक काय म्हणतील?"

"अहो जाऊबाई, पण ती वाचायला लागलीय."

"वाचेल कुठेही. नंबर कुठून आणशील?"

टेलरताईंनी तडक कचेरी गाठली. कारकुनाने अदबीनं खुर्ची दिली. "वाचता येणं हा रकानाच नाही, ताई. तो भरायचा तर मुलांना भेटावं लागतं."

महिनाभरात खालची शाळा रिकामी झाली. टेलरताईंची मुलगी तेवढी एकटी जात राहिली. मग एका मुलीसाठी शाळा नियमात बसेना. शाळा बंद झाली, मुलगी वरच्या शाळेत गेली, बाईंची बदलीही तिथेच झाली, आणि शाळा सुटल्यावर तक्ते भरायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

सहा महिन्यांत मुलगी पुन्हा अडखळू लागली. वही लपवू लागली.

पालकसभेत बाई उभ्या राहिल्या. "मागे पडलेल्या मुलांसाठी मी जादा तास घेते."

"अवश्य घ्या," हेडसर म्हणाले. "फक्त त्या मुलांची संख्या तक्त्यात भरावी लागेल. यंदा आपली तुलना शेजारच्या गावाशी आहे." मग ते पालकांकडे वळले. "कुणाच्या मुलाला गरज आहे? त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. बाई टेलरताईंकडेच बघत होत्या. ताईंचा हात मांडीवरून उचलला गेला. तेवढ्यात पुढे बसलेल्या जाऊबाईंनी मान वळवून पाहिलं. ताईंनी तोच हात केसांवरून फिरवला आणि परत मांडीवर ठेवला.

बाईंनी खाली मान घालून शून्य लिहिलं. टाळ्या झाल्या.

टेलरताईंना खुशाल नावं ठेवा. फक्त आधी आठवून बघा, तुमच्या मुलानं शेवटचं तुम्हाला काय वाचून दाखवलं होतं? निकालपत्रक सोडून.