एका केकवर दोन वीर

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा लवकर सुटली, त्यामुळे भारी शब्दही येत नाहीत. जे घडलं ते सरळ सांगतो.

एक केकवाला होता. लाजाळू इतका, की गिऱ्हाईकाशी बोलताना क्रीमकडे बघायचा. त्याच्या ताईचं लग्न ठरलं. ताई सिनेमातल्या वीजवीराची भक्त, नवरामुलगा छायापुरुषाचा. दोघांची ओळखच सिनेमाच्या रांगेत भांडून झालेली. ताईने फर्मावलं, "साखरपुड्याला एकच केक. वर दोघे वीर, हातात हात घालून."

इथे केकवाला अडला. वीजवीर एका स्टुडिओचा, छायापुरुष दुसऱ्याचा. दोघांना एकत्र आणणारा सिनेमा हक्कांच्या भांडणात दीड वर्ष कोर्टात अडकलेला. (केकवाल्याने दोन्हीकडच्या चाहत्यांच्या निषेधपत्रांवर सही केली होती. कोणाला दुखवायचा स्वभाव नाही.) निकालाआधी दोघांना एका केकवर उभं करायचं? त्याचा हात धजेना. त्याने दोन केक केले आणि मध्ये वीतभर जागा ठेवली.

साखरपुड्याच्या हॉलमध्ये झाकण निघालं.

"हे काय? आत्ताच वेगळी चूल?" मुलाची आई म्हणाली.

मुलाच्या मामांनी बोटांनी उंची मोजली. "आमचा दोन बोटं बुटका!"

"छायापुरुष वाकूनच उभा असतो हो," केकवाला पुटपुटला.

"म्हणजे आम्ही वाकायचं?"

"आधी आमचा कापायचा!" इकडून आत्या गरजल्या.

ताईने भावाकडे डोळे वटारले.

"काकू, तसं नाही," तो मुलाच्या आईला म्हणाला. "निकाल लागेपर्यंत दोघांना एकत्र येता येत नाही."

"मेहुण्यांचं बरोबर आहे," नवरामुलगा म्हणाला. (खरा चाहता! पण ही काय वेळ?)

"मग हे लग्नही निकालानंतरच बघू," म्हणत त्याच्या आईने पर्स उचलली. मामा बूट शोधू लागले.

ताई उठली. दोन्ही केक तळहातांत धरले आणि थाडकन एकमेकांवर दाबले. वीजवीराचं डोकं छायापुरुषाच्या खांद्यात रुतलं. मामांच्या चष्म्यावर क्रीम उडालं.

"लागला निकाल! सासूबाई, बसा. तुम्हीच कापा."

सासूबाईंनी मनगटावर उडालेलं क्रीम चाखलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या आणि पर्स खाली ठेवली.

संध्याकाळी ताई चौकातल्या बेकरीत जाऊन लग्नाचा केक सांगून आली. भावाला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केकवाला आपलं दुकान उघडायचं सोडून त्या बेकरीत गेला. "बाई, केकवर दोघे एकत्र असतील तर जरा थांबा. अजून कोर्टात..."

बेकरीवाल्या बाईंनी ऑर्डरची वही त्याच्यासमोर फिरवली. ताईचं अक्षर होतं : 'माझा भाऊ येईल. हो हो म्हणा आणि बिस्कीट देऊन घरी पाठवा.'

बाई हो हो म्हणाल्या. बिस्कीट खुसखुशीत होतं, हे मात्र त्याला मान्य करावं लागलं.